नोआगाचा धूर

तालाता गाडी ढकलत माझ्या शेडपाशी आली तेव्हा मी कडुलिंबाच्या काडीनं दात घासत बसलो होतो. गाडी मी वळणावरच ओळखली. मागचा दिवा तारेनं बांधलेला, सीटवर बकऱ्याचं कातडं, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी एवढी काजळी की हात लागला तर आठवडाभर निघणार नाही. तालाताच्या सासऱ्याची, नोआगा पोर्गोची मोटारसायकल. नोआगाला जाऊन नऊ महिने झाले होते आणि तेवढे दिवस ती त्याच्या अंगणात कणगीआड उभी होती.

"झेर्बोबा, उठा आता," तालाता म्हणाली. "मोसीची सून दारात उभी, आणि हा सामो दात घासतोय."

"आम्ही कुत्र्याचं डोकं खातो बाई, दातात अडकतं. तुम्हा मोसींचं बरं आहे, नुसतं पाणी पिऊन ढेकर देता."

ती हसली. आमच्याकडे हे असंच चालतं. मी सामो जमातीचा, गूर्सी हे गाव मोसींचं. आमच्या पूर्वजांनी कधीतरी ठरवून टाकलंय की या दोघांनी एकमेकांना तोंडाला येईल ते बोलावं आणि कुणी राग धरू नये. मोसी मला गुलाम म्हणतो, मी मोसीला गुलाम म्हणतो, आणि मग दोघं एकाच तुंब्यातून ज्वारीची दारू पितो. नोआगा आणि मी एकोणतीस वर्षं रोज भांडलो. खरं भांडण एकदाही झालं नाही.

"अकरा दिवसांनी बाबांचं कार्य आहे," तालाता म्हणाली. "सोंग मला दिलंय."

मी काडी टाकली आणि चूळ भरली. गूर्सीत माणूस गेला की लगेच पुरतात, पण त्याला खरा निरोप देतात तो पीक घरात आल्यावर. त्या दिवशी घरातली एक सून त्याचे कपडे घालते. त्याच्यासारखी चालते, बोलते, खोकते. त्या दिवसापुरती ती तोच असते. त्याची बायको तिला नवरा म्हणून हाक मारते, मुलं बाप म्हणतात. संध्याकाळी कपडे उतरवून घडी घातली की मग तो गेला. तालाताचा नवरा दूर कोकोच्या मळ्यात कामाला असतो, तेव्हा सासऱ्याचा सगळा सहवास हिलाच. सोंग तिलाच मिळणार होतं.

"चालणं जमलंय," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर चार पावलं चालून दाखवली. डावं पाऊल बाहेर फेकत, एक खांदा पाडून. नोआगाला एका बैलानं लाथ मारली होती तेव्हापासूनची ती चाल.

"मग माझ्याकडे काय काम?"

"बाबा कधी घरी चालत आलेत? ते गाडीवर यायचे. ही चालू करून द्या, मी बंधाऱ्याकडून घेऊन येईन." मग तिचा आवाज खाली आला. "आई अजून रडलेल्या नाहीत, झेर्बोबा. पुरताना नाही, नंतर नाही. रोज संध्याकाळी बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी घेऊन दारात बसतात. बाबा दौऱ्यावर असले की बसायच्या तशाच. बाबा वारले परगावी, आणि आणले ते दुसऱ्याच्या गाडीत घालून, चादरीत गुंडाळून. आईंच्या हिशेबी ते अजून आलेलेच नाहीत. ते एकदा नीट घरी यायला हवेत. आले तरच जातील."

नोआगाच्या बायकोचं, लामूसाचं, हे मला माहीत नव्हतं. नऊ महिन्यांत मी त्या घरी फिरकलोच नव्हतो. पुरायच्या दिवशी मी माझं काम चोख केलं होतं, तिरडी अडवून ओरडलो होतो की हा मेलेला नाही, कुत्र्याचं डोकं लपवून पळतोय. सगळे हसले होते. आम्हा थट्टेच्या सोयऱ्यांना मयताला रडायची मुभा नाही, हसवायचंच काम आमच्याकडे. त्यानंतर मात्र त्या दाराकडे माझे पाय वळेनात.

"ठेव गाडी," मी म्हणालो.

तिनं फक्त चालू करायला सांगितलं होतं. धूर काढायला सांगितलंच नव्हतं. ते माझं मीच अंगावर घेतलं.

जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर धुतला, प्लग घासला. सातव्या किकला गाडी उठली आणि पांढरट निळा धूर शेडभर झाला. तोच जड, जमिनीलगत लोळणारा धूर. शेजारची केळीवाली ओरडली, "अगं बाई, नोआगा आला की काय!" आणि मग तिचं तिलाच कळून तिनं तोंडावर हात ठेवला.

आख्ख्या तालुक्यात हा धूर प्रसिद्ध होता. नोआगा पशुखात्यात होता, गावोगाव कोंबड्यांना लस टोचत हिंडायचा. त्यात त्याच्या नावाचा अर्थच कोंबडी, म्हणजे मला आयुष्यभराचं खाद्य. "कोंबडी कोंबड्यांना टोचायला निघाली," असं मी रोज म्हणायचो. लांबून रस्त्यावर धुळीचा लोट दिसला तर कुणीही असेल. धूर दिसला की बायका कोंबड्या धरायला धावायच्या, कारण एकदा त्या पांगल्या की लस कुणाला टोचणार? आणि संध्याकाळी बंधाऱ्यावर निळी रेघ दिसली की लामूसा पाण्यात पीठ कालवायला घ्यायची.

आणि मी? मी एकोणतीस वर्षं त्या धुरावरून त्याचा जीव खाल्ला. ही दोन स्ट्रोकची जुनी गाडी, हिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावंच लागतं, पण मापानं. "चिकट मोसी," मी म्हणायचो, "जगात एकाच ठिकाणी तुझा हात सैल सुटतो, टाकीत तेल ओतताना." टाकी हुंगली की खरंच तेलाचा भपकारा यायचा. तो पाय फाकून उभा राहायचा आणि ठरलेलं उत्तर द्यायचा, "गप्प बस, गुलामा. मला तेल जास्त लागतं."

दोनदा मी वरचं डोकं काढून रिंगा बदलल्या. खालच्या पोटाला मात्र त्यानं हात लावू दिला नाही. "एकदा उघडलंस तेवढं पुरे," म्हणायचा. मला तो टोमणा वाटायचा.

आता आडवं यायला कोणी नव्हतं. मी ठरवलं, नोआगा, तुझ्या कार्याला तुझी गाडी मी नवरीसारखी करून पाठवतो.

पेट्रोल मी स्वतः मापून मिसळलं. सायलेन्सर काढून जाळावर भाजला, आतून काजळीच्या खपल्या पडल्या, त्या ठोकून झाडल्या. सगळं बसवून याकोच्या रस्त्यावर एक लांब चक्कर मारली. जुनं तेल जळून गेलं की धूर विरळ व्हायला हवा. झाला नाही. परत आलो, तेव्हा माझ्यामागे रस्ता दिसत नव्हता.

टाकीतलं तेल बरोबर आणि तरी तेलाचा धूर, म्हणजे तेल दुसरीकडून येत होतं. गिअरबॉक्सच्या लेव्हलचा स्क्रू काढला. एक थेंब आला नाही. मापानं तेल भरलं, पुन्हा चक्कर मारली, पुन्हा बघितलं तर पातळी बोटभर उतरलेली. खाली जमीन कोरडी. गाडी ते तेल पीत होती.

हे समजायला मेकॅनिक असायला लागत नाही. इंजिनाच्या पोटात क्रँक फिरतो, आणि शेजारच्या खोलीत गिअर तेलात बसलेले असतात. मधल्या भिंतीतून दांडा आरपार जातो, आणि त्या दांड्याभोवती रबराची एक चकती असते, तिला ओठ असतो. ऑइल सील. तो ओठ फाटला की इंजिन दर श्वासाला शेजारच्या घरातलं तेल ओढतं.

मी क्लचचं झाकण उघडलं. दांड्यावरच्या मोठ्या नटावर लाल ठिपका होता.

मी तिथंच जमिनीवर बसलो. तो ठिपका माझा होता. सुरुवातीला मला सवय होती, नट आवळला की बायकोच्या नखांना लावायच्या रंगाचा एक ठिपका नट आणि दांड्यावर मिळून द्यायचा. नट कुणी हलवला तर ठिपका तुटतो. हा ठिपका सबंध होता. माझ्यानंतर त्या नटाला कुणाचाही पाना लागला नव्हता.

मला तो दिवस जसाच्या तसा आठवला. मी सामोंच्या तोमाहून गूर्सीला येऊन तीन महिने झाले होते. कडुलिंबाखाली दोन पाने आणि एक हातोडी मांडून बसायचो, लोक थट्टा करायला यायचे आणि थट्टा करून जायचे. सामोच्या हातात गाडी कोण देणार? तेव्हा नोआगा आला, नदीतून गाडी घालून इंजिन जाम करून बसलेला. मी आयुष्यात एकट्यानं पहिल्यांदा आख्खं इंजिन खोललं आणि बांधलं. तिसऱ्या दिवशी तो डोक्यावर उभा होता, कारण लसींच्या डब्यातला बर्फ वितळत चालला होता आणि तीन गावांच्या कोंबड्या वाट बघत होत्या. "आवर रे," म्हणत होता. सील दांड्यावर सरकवताना दांड्याच्या धारदार खाचांवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळायचा असतो, नाहीतर ओठ कापला जातो. बोबो शहरातल्या माझ्या उस्तादानं हे मला कानाला धरून शिकवलं होतं. त्या दिवशी कागद शोधायला मी उठलो नाही. तेल लावून सील तशीच सरकवली. जराशी अडकल्यासारखी वाटली. मी दाबली.

आता ती जपून बाहेर काढली आणि उजेडात धरली. ओठाला एका जागी बारीक चीर. आत बोटाचं नख जाईल एवढी.

एकोणतीस वर्षं मी ज्या धुरावरून त्या माणसाला बोललो, तो धूर मी केला होता. आणि खरं सांगायचं तर गिअरबॉक्सचा स्क्रू काढून बघायची अक्कल मला पहिल्याच वर्षी यायला हवी होती. मला बघायचंच नसावं.

पण तेवढ्यावर संपत नव्हतं. गिअर मी बोटानं फिरवून पाहिले. दात नव्यासारखे, चकचकीत. असं सील फाटलेलं इंजिन दोन महिन्यांत गिअरबॉक्स कोरडा करतं आणि कोरडे गिअर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे कुणीतरी सतत तेल भरत होतं.

दुसऱ्या दिवशी तालाता आली तेव्हा मी विचारलं, "गाडीच्या पोटात तेल कोण घालायचं?"

"बाबाच. दर शनिवारी, कणगीच्या मागं बसून. मला दारात उभी करायचे, म्हणायचे, तो सामो येतोय का बघ." ती हसायला लागली आणि माझा चेहरा बघून थांबली. "काय झालं?"

मी तिला सील दाखवली आणि सगळं सांगितलं. मग संध्याकाळी लामूसाकडे गेलो.

ती दारात बसली होती, मांडीवर पाण्यानं भरलेला तुंबा. केस पांढरे झाले होते. नऊ महिन्यांत माणूस एवढं बदलतं.

"ये, कुत्रेखाऊ," ती म्हणाली. "वाट विसरलास वाटतं."

"पाणी दे."

"हे तुझ्यासाठी नाही."

मी तिच्यासमोर बसलो. "लामूसा, सील फाटलेली होती. मी फाडली होती. त्याला माहीत होतं?"

तिनं मांडीवरचा तुंबा सावरला. "पहिल्याच वर्षी कळलं त्याला. राजधानीत, उगादुगूला, खात्याचा एक म्हातारा मेकॅनिक होता, त्यानं नुसता धूर हुंगून सांगितलं. म्हणाला, ज्यानं हे इंजिन बांधलं त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. हा घरी आला आणि मला म्हणाला, तो पोरगा नुकता कुठं बस्तान बसवतोय. त्यानं बांधलेलं पहिलंच इंजिन असं निघालं हे बाजारात कळलं तर त्याला गाशा गुंडाळावा लागेल. मग लोकांना सांगत सुटला, मीच तेल जास्त घालतो म्हणून. आणि खोटं पडू नये म्हणून टाकीत खरंच जास्त घालायला लागला."

"मला सांगायचं होतं! मी गुपचूप दुरुस्त केली असती."

"तू? सामोच्या पोटात कधी काही राहिलंय? दुसऱ्या दिवशी बाजारात स्वतःच बोंबलत सांगितलं असतंस." तिचं खरं होतं. "सील आणून ठेवली होती त्यानं. म्हणायचा, दुकान चालायला लागलं की देऊ. दुकान चालायला लागलं. मी म्हटलं, आता दे. तर म्हणाला, आता राहू दे, त्याला वाईट वाटेल."

ती तुंबा बाजूला ठेवून आत गेली. पत्र्याच्या पेटीचं झाकण वाजलं. बाहेर येऊन तिनं माझ्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत सील होती, कारितेच्या बियांच्या लोण्यात माखलेली, अजून मऊ. दर वर्षी लोणी लावत असणार. कोण, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"घेऊन जा," लामूसा म्हणाली. "पण मी दिली म्हणून सांगू नकोस. तो आला की रागावेल."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

सकाळी मी बाजारातून चंदेरी कागदाचं पाकीट आणलं. दांड्याच्या खाचांवर कागद गुंडाळला, त्यावर तेल लावलं, आणि नोआगानं जपून ठेवलेली सील सरकवली. लोण्यावरून गेल्यासारखी गेली. झाकण बसवलं, तेल भरलं, किक मारली. पहिला तासभर आतलं जुनं तेल जळलं आणि मग धूर संपला. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर तळहात कोरडा. गाडी शिवणयंत्रासारखी चालत होती. मी केळीवालीला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान," आणि तिला काहीच विशेष वाटलेलं दिसलं नाही.

तालाता गाडी घेऊन गेली आणि अर्ध्या तासात परत आली. उतरलीच नाही, तशीच बसून राहिली.

"काय झालं? पुन्हा बिघडली?"

"नाही. फारच चांगली झालीय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी बंधाऱ्यावरून दारापर्यंत गेले. आई समोरच बसल्या होत्या. जागच्या हलल्या नाहीत. दोनदा गेले. शेवटी मला म्हणाल्या, कुणाची गाडी आणलीस गं? झेर्बोबा, ही बाबांची गाडीच नाही राहिली. आवाज नाही, वास नाही, काही नाही."

माझा सगळा रुबाब उतरला. "थांब," मी म्हणालो, "त्यात काय, टाकीत तेल जास्त ओतू." ओतलं. धूर आला, पण पातळ, आणि वास दुसराच. तिच्या नाकानं लगेच ओळखलं, माझ्याही. गिअरच्या तेलाच्या जळक्या, गंधकासारख्या वासाची सर त्याला नव्हती. आणखी ओतलं तर प्लग काजळून गाडी बाजारात मधोमध बंद पडली.

मग मला कळलं काय करायला लागणार ते, आणि मी दोन दिवस ते टाळलं.

मी आयुष्यात चुका पुष्कळ केल्या, पण वाईट काम जाणूनबुजून कधी केलं नव्हतं. चांगली सील काढायची आणि तिच्या जागी स्वतःच्या हातानं फाडलेली बसवायची, यासाठी वेगळं मन लागतं. तिसऱ्या दिवशी मी ते केलं. जुनी चीर वर कुठल्या बाजूला होती ते मला आठवत होतं, तशीच बसवली. नट आवळला. ठिपका दिला नाही. किक मारली, चार मिनिटं वाट पाहिली, आणि तो जड निळा धूर जमिनीवर उतरला. केळीवाली माझ्याकडे बघत उभी राहिली. या वेळी तिनं तोंडावर हात ठेवला नाही, तसाच वास ओढून घेतला.

कार्याच्या दिवशी पोर्गोंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सकाळपासून ढोल वाजत होते, दारूचे माठ रिकामे होत होते, म्हातारे ठासणीच्या बंदुकांचे बार काढत होते. मी माझ्या कामाला लागलो होतो. डोक्यावर उलटी टोपली घालून प्रत्येकाच्या ताटातलं मांस पळवत होतो आणि वर मोसींनाच चोर म्हणत होतो. लामूसा दारात बसली होती, मांडीवर तुंबा. ती कुणाकडेच बघत नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा बंधाऱ्याच्या बाजूला आवाज आला. अडखळत, खोकत येणारा. मग बाभळींच्या वर निळी रेघ दिसली.

गल्लीतल्या दोन बायका सवयीनं कोंबड्या धरायला पळाल्या. एकीनं धरलीही, आणि मग ती कोंबडी काखेत घेऊन तशीच उभी राहिली. ढोल थांबले. मी लामूसाकडे बघत होतो. तिनं आधी मान वर केली. मग नाक. मग ती उठली, दोन्ही हातांत तुंबा धरून.

तालाता अंगणाच्या तोंडाशी आली. खात्याचा खाकी सदरा, त्याची लाल टोपी, पाठीवर लसींचा डबा. मागं धुराचा लोट. आता तिला अडवणं हे माझं काम होतं. सोयऱ्यानं दार अडवायचं, शिव्या द्यायच्या, मगच मेलेला आत येतो. मी आडवा झालो.

"थांब, कोंबडे!" मी ओरडलो. "नऊ महिने कुठं होतास? तिकडच्या कोंबड्या संपल्या का?" सगळे हसले. आणि मग मी ठरवलेलं नसताना ते तोंडातून निघालं. "लोकहो, ऐका! हा धूर याचा नाही. हा धूर माझा आहे! एकोणतीस वर्षांपूर्वी मी याच्या इंजिनाची सील फाडली आणि यानं कुणाला सांगितलं नाही. माझं दुकान चालावं म्हणून स्वतःवर घेतलं. तुम्ही याला हसलात, मी याला हसलो, आणि गाढव मी होतो!"

अंगण हसून लोळायला लागलं. एक म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "सामो आज दारू जास्त प्यायला, खरं बोलल्याचं सोंग करतोय!"

"खरंच सांगतोय, मूर्खांनो!" मी खिशातून नवी सील काढून वर धरली. "ही बघा, यानं माझ्यासाठी जपून ठेवली होती!"

"अंगठी आणलीय!" कुणीतरी किंचाळलं. "नोआगाशी लग्न लावतोय!"

मी जेवढा ओरडलो तेवढे ते हसले. मोसींच्या अंगणात सामो उभा राहून बोलतोय, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? माझा घसा बसला. मी हात खाली केला आणि गाडीकडे पाहिलं.

तालाता गाडीवरून उतरली. डावं पाऊल बाहेर फेकत, एक खांदा पाडून ती माझ्यापर्यंत आली. टोपी मागं सारली, तो खोकायचा तसं कोरडं खोकली, आणि पाय फाकून उभी राहिली.

"गप्प बस, गुलामा," ती म्हणाली. "मला तेल जास्त लागतं."

मी वाटेतून बाजूला झालो.

लामूसा पुढं आली आणि तिनं तुंबा समोर धरला. नोआगानं तो दोन्ही हातांनी घेतला, पिताना मधे एकदा थांबून श्वास घेतला, आणि पूर्ण रिकामा केला.

"उशीर केलास," लामूसा म्हणाली.

"रस्ता लांब होता गं."

तिनं त्याच्या सदऱ्याला नाक लावलं. मग ती रडली. असं रडणं मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही, आणि देव करो, पुन्हा ऐकायला न लागो. बाकीच्या बायका तिच्याभोवती बसल्या आणि कुणी तिला गप्प केलं नाही. मला रडायची मुभा नव्हती. मी टोपली डोक्यावरून चेहऱ्यावर ओढून घेतली आणि गाडीच्या मागं जाऊन बसलो. सायलेन्सर अजून गरम होता. कुणीतरी म्हणालं, बघा, सामो टोपलीत लपलाय, आणि पुन्हा हशा झाला. दिवस मावळताना तालातानं सदरा उतरवला, घडी घातली आणि लामूसाच्या हातात दिला.

चौथ्या दिवशी तालाता गाडी घेऊन शेडमध्ये आली. खात्यानं तिला गावातल्या लसीचं काम दिलंय. "आता बसवा नवी," म्हणाली. मी चंदेरी कागद गुंडाळून नवी सील बसवली, नट आवळला आणि बायकोला विचारून त्यावर लाल ठिपका दिला.

जुनी सील मी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलीय. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, आणि मी पहिल्यापासून सगळं खरं खरं सांगतो. कुणी एकानंही अजून विश्वास ठेवलेला नाही. हसतात, मांडीवर थाप मारतात, आणि जाताना म्हणतात, पण काही म्हण झेर्बो, नोआगा तेल मात्र फारच घालायचा.